“त्याला काही लागत नाही”

डिसेंबरातली गोष्ट. लंचनंतर टीममधला एक ज्युनियर मुलगा माझ्या डेस्कपाशी येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला. मला वाटलं, पुन्हा बिल्ड तुटलं. तर म्हणाला, “दादा, तुझ्याकडे मासे आहेत ना? माझा फायटर दोन दिवस तळाशी पडून आहे. खात नाही. शेपटी पण कुरतडल्यासारखी दिसतेय. कुठलं औषध टाकू?”

“पाणी किती आहे?”

“असेल दोन लिटर. पण मी काळजी घेतो हां. दर रविवारी सगळं पाणी फेकतो, भांडं साबणाने घासून लख्ख करतो. बाकी दुकानदार म्हणाला होता, साहेब, याला काही लागत नाही. फिल्टर नको, हीटर नको, पंप नको.”

याला काही लागत नाही. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सणकतं. कारण हेच वाक्य मलाही कोणीतरी ऐकवलं होतं, मीही त्यावर विश्वास ठेवला होता आणि त्या विश्वासापायी एक मासा मारला होता. तेव्हा मंडळी, आजचा लेख जरा चिडून लिहिलेला आहे. चालवून घ्या.

माझा पहिला फायटर मला वाढदिवसाला भेट मिळाला होता. गडद निळा, शेपटीला लाल झाक. फायटर म्हणून नाव ठेवलं बाजी. गोल काचेचं भांडं, तळाला रंगीत खडे, एक प्लास्टिकचं झाड. मॉनिटरशेजारी काय झकास दिसायचा! चार महिन्यांनी, पुण्याच्या जानेवारीत, बाजी मलूल झाला. मग मी आपल्या लोकांना जे सुचतं तेच केलं, औषध शोधलं. आधी दुकानातलं ते निळं औषध, म्हणजे मिथिलिन ब्लू. मग मीठ. मग कुणीतरी सांगितलं म्हणून केमिस्टकडून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून ती फोडून टाकली. पाणी आधी निळं झालं, मग पिवळट, आणि सहाव्या दिवशी बाजी आडवा तरंगत होता.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अरे, गावाला जनावर बसलं की तुझे आजोबा आधी गोठा बघायचे. ओल आहे का, शेण साचलंय का. डॉक्टर मागाहून. तू पाणी बघितलंस का?”

नव्हतं बघितलं. इतकी वर्षं डीबगिंग करून पोट भरणारा माणूस मी, आणि लॉग न बघता पॅच मारत सुटलो होतो.

नंतर वाचलं, टेस्ट किट आणलं, आणि जे कळलं ते इतकं साधं आहे की लाज वाटते. मासा जिथे राहतो तिथेच त्याचं संडास-बाथरूम. विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून आणि मुख्य म्हणजे त्याच्या कल्ल्यांमधून सतत अमोनिया पाण्यात जात असतो. अमोनिया विषारी. तो कल्ले जाळतो, अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर बिघडवतो. निसर्गात अथांग पाणी असतं आणि ते साफ करणारे जिवाणू असतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्राइटही वाईटच. नायट्रेट मात्र बरंच सौम्य, थोडं थोडं पाणी बदलून काढून टाकता येतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात आणि नव्या टाकीत त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आता तो रविवारचा साबण आठवा. आठवडाभरात जी काही चार जिवाणूंची वस्ती झाली असेल ती घासून साफ. म्हणजे दर वीकेंडला प्रॉडक्शन सर्व्हर फॉरमॅट करायचा आणि सोमवारी विचारायचं की साइट का चालत नाही. त्यात साबणाचा अंश आणि नळाचं ताजं क्लोरीन. पाण्याचं तापमानही एका झटक्यात बदललेलं. आपण काळजी म्हणून जे करतो तो त्या माशासाठी आठवड्याचा भूकंप असतो.

दुसरं, साधा भागाकार. मासा तोच, घाण तितकीच. दोन लिटरमध्ये जितकी दाट होईल, त्याच्या एक दशांश वीस लिटरमध्ये. मोठी टाकी ही चैन नाही, तो बफर आहे. आणि पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला खरा विषारी भाग साधारण दहापट होतो. म्हणजे नुसतं ‘पाणी दिसायला स्वच्छ आहे’ याला काही अर्थ नाही. अमोनिया दिसत नाही. माझ्या भांड्यातलं काचेसारखं पाणी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन थेंब टाकले तेव्हा पिवळं राहायला हवं होतं. झालं गडद हिरवं.

तिसरं, थंडी. हा मासा मूळचा थायलंडचा. त्याचं शास्त्रीय नाव बेटा स्प्लेंडेन्स, आणि २०१९ साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. त्याला पाणी लागतं साधारण २५ ते २७ अंशांचं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर १०-१२ अंश असतात, खिडकीतल्या दोन लिटर पाण्याचं काय होत असेल? माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी गार झालं की पचन मंदावतं, रोगप्रतिकार मंदावतो. मुंबईकरांचं बहुतेक वर्ष हीटरशिवाय निभतं. पुणे-नाशिकवाल्यांचं हिवाळ्यात निभत नाही.

आता शेपटी का कुरतडली जाते? त्याला फिन रॉट म्हणतात. ते बहुतेक वेळा ज्या जिवाणूंमुळे होतं ते कुठून बाहेरून येत नाहीत. ते पाण्यात कायमच असतात. धडधाकट माशाला ते काही करत नाहीत. अमोनियाने भाजलेल्या, गारठलेल्या माशाचा मात्र ताबा घेतात. म्हणजे आपण ज्याला रोग म्हणतो तो बऱ्याचदा नुसता एरर मेसेज असतो. आणि त्यावर आपण डोस न मोजता अँटिबायोटिक ओतलं, तर ते पाणी साफ करणाऱ्या जिवाणूंनाही मारू शकतं. अमोनिया आणखी वाढतो, मासा आणखी खालावतो, आपण आणखी औषध आणतो. बाजीचं नेमकं हेच झालं असणार.

आता “पण” म्हणणाऱ्यांकडे वळतो. ते नेहमीचेच आहेत.

“पण तो डबक्यातच तर राहतो!” नाही. तो राहतो भातखाचरांत, दलदलीत, संथ ओढ्यांत. पाणी उथळ असतं हे खरं. पण उथळ म्हणजे लहान नव्हे. भाताचं खाचर घोटाभर पाण्याचं असलं तरी एकरभर पसरलेलं असतं, वनस्पतींनी भरलेलं, उन्हाने तापलेलं. कोरड्या दिवसांत तो डबक्यात अडकून तग धरतो, तेही खरं. पण पुरात लोक झाडावर रात्र काढतात म्हणून माणसाला झाडावर घर चालतं असं आपण म्हणतो का?

“पण तो हवेतून श्वास घेतो, त्याला पंप लागत नाही!” बरोबर. त्याच्या डोक्यात लॅबिरिंथ नावाचं एक इंद्रिय असतं, पृष्ठभागावर येऊन तो हवेचा घोट घेतो. पण ही सोय ऑक्सिजनपुरती आहे, अमोनियापुरती नाही. आणि माझ्या मते हेच त्याचं दुर्दैव. दुसरा एखादा मासा त्या भांड्यात लवकर गुदमरून मेला असता आणि दुकानदाराला शिव्या बसल्या असत्या. हा महिनोन् महिने टिकतो. तोवर आपण विसरलेले असतो की कोणी काय सांगितलं होतं. म्हणतो, “मासेच ते, मरतात.” नीट ठेवला तर तीनेक वर्षं जगणारा जीव चार महिन्यांत जातो आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

“पण थायलंडमध्ये सुद्धा बाटल्यांत ठेवतात!” हो, ठेवतात. कारण दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात. पण ती विक्रीच्या आधीची सोय असते, वरचेवर पाणी बदलणारी माणसं असतात आणि हवाच उबदार असते. ‘एकटा ठेवा’ या सूचनेचं आपल्याकडे येईपर्यंत ‘डबीत ठेवा’ कधी झालं ते कळलंच नाही.

“पण दीडशे रुपयांच्या माशासाठी दोन हजारांचं सामान?” हा प्रश्न मला सगळ्यात जास्त खटकतो. प्रामाणिक आहे म्हणूनच खटकतो. किंमत माशाची नसते, तुम्ही पत्करलेल्या जबाबदारीची असते. दोन हजार जड वाटत असतील तर त्यात काहीच गैर नाही. मासा आणू नका. बांबूचं रोप आणा. त्याला खरंच फार काही लागत नाही.

आणि हे नुसतं माझं हळवेपण नाही. आपल्याकडचा प्राण्यांशी क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव जीव, आणि हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा. इटलीत मोंझा शहराने २००४ साली आणि रोमने २००५ साली गोल भांड्यांत मासे ठेवायला बंदी घातली, तेव्हा जगभर लोक हसले होते. मीही हसलो असतो. आता नाही हसत.

बरं, नुसतं चिडून मासा बरा होत नाही. त्या मुलाला मी जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो.

औषध बंद. त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदल, क्लोरीन काढलेलं आणि हाताला तेवढंच कोमट लागणारं. क्लोरीन काढायला दुकानात अँटिक्लोरीनचे थेंब मिळतात. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे तेच. नुसतं आरओचं पाणी नको, त्यात क्षार जवळपास नसतात. असं रोज, आठवडाभर. शनिवारी वीस लिटरची टाकी, थर्मोस्टॅट असलेला छोटा हीटर, हळू चालणारा स्पंज फिल्टर. हा मासा मोठ्या पंखांचा, जोराच्या प्रवाहात दमतो. वर झाकण, कारण तो उडी मारतो. झाकणाखाली हवेला जागा, कारण तो श्वास घेतो. लपायला खरी झाडं. खाणं दिवसाला दोन-तीन दाणे, उरलेलं लगेच बाहेर. आणि जिवाणूंसाठी चार-सहा आठवडे थांबायचं कशाला? माझ्या टाकीतला जुना स्पंज मी डब्यात घालून त्याला दिला. यापुढे तो स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली नाही. साबण तर टाकीच्या आसपासही नको.

एक गोष्ट फुकट मिळते. आपल्या सोसायट्यांत, शाळांच्या मैदानात जो जंगली बदाम असतो, त्याचं वाळून गळलेलं पान. कीटकनाशक न मारलेल्या झाडाचं, धुऊन घेतलेलं. त्यातल्या टॅनिनमुळे पाणी चहासारखं होतं, थायलंडचे मासेवाले तेच वापरतात. चमत्कार नाही, पण त्याच्या मूळच्या पाण्याची थोडी आठवण.

हे केलं की प्रत्येक मासा वाचतो असं मी म्हणणार नाही. पोट फुगून खवले कणसासारखे उभे राहिले की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. काही दुखण्यांना खरोखर औषध लागतं, आणि तेही माशांचं कळणाऱ्याला विचारून. पण तो प्रश्न पाणी तपासल्यानंतरचा. आधी गोठा, मग डॉक्टर.

त्या मुलाने सगळं केलं. आठव्या दिवशी मासा वर येऊन एक दाणा खाऊन गेला. तीन आठवड्यांनी त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. फाटलेल्या शेपटीच्या कडेला काचेसारखी पारदर्शक किनार आली होती. नवा पंख आधी तसाच येतो, रंग मागून भरतो. पोरगा इतका खूश होता की अप्रेझललाही मी त्याला तसा पाहिलेला नाही.

मला मात्र तो फोटो बघून बाजी आठवला. लोक म्हणाले होते, बिचारा शेवटपर्यंत लढला. लढला खरा. पण त्या खिंडीत त्याला मीच उभा केला होता.

असो. रविवार आहे, बादलीत पाणी काढून ठेवलंय. एक चतुर्थांश बदलायचं आहे, साबणाशिवाय.