नुसती नसीहत पुरत नाही

दारू हराम आहे, हे पिणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी आमच्या लोहाऱ्यात कुणी व्यसनात अडकला की आपण त्याला तेवढंच ऐकवतो, नाहीतर कसम घ्यायला लावतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. कसम देणाऱ्याला हे कुठे माहीत असतं?

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथे व्यसनातून सुटलेले अनेक जण पुढे समुपदेशक झाले. पण स्वतः सुटणं वेगळं, दुसऱ्याला सोडवणं वेगळं. ऐकून कसं घ्यावं, डॉक्टरकडे कधी पाठवावं, पुन्हा घसरलेल्याला न हिणवता कसं सावरावं, हे शिकावंच लागतं.

मशिदीच्या रंगरंगोटीसाठी आपण वर्गणी काढतो. एकदा गावातल्या एका मुलाला आणि एका मुलीला हे शिकायला पाठवण्यासाठीही काढू या.