महामारी, गुळवेल आणि अध्यापकाचे मौन

चरकसंहितेच्या विमानस्थानातील ‘जनपदोद्ध्वंसनीय’ अध्याय आपणा सर्वांस परिचित आहे. गंगातीरी कांपिल्य नगरीजवळ भगवान पुनर्वसू आत्रेय शिष्यांस सांगतात, की भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवा. त्यावर अग्निवेश शंका काढतो : प्रकृती, आहार, बल, वय ही भिन्न असताना एकाच व्याधीने एकाच वेळी सारा जनपद कसा नष्ट होतो? गुरूंनी त्यास गप्प बसविले नाही. वायू, उदक, देश व काल यांचे विवेचन त्या शंकेच्या उत्तरादाखल आले. २०२०-२१ च्या महामारीत आपल्या महाविद्यालयांतील अध्यापकांस अशी शंका उघडपणे मांडण्याची मुभा कितपत होती, हे आता शांतपणे तपासावयास हवे.

एक उदाहरण पाहू. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांना सहा रुग्णांमध्ये यकृतविकृती आढळली. सहाही जण गुळवेल सेवन करीत होते. हा वृत्तान्त २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने तो दिशाभूल करणारा असल्याचे निवेदन काढले. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची ओळख पटविलेली नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जाती असू शकेल, हा मंत्रालयाचा आक्षेप विचारार्ह होता. परंतु पुढे २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांचा मिळून ४३ रुग्णांचा अहवाल आला. तोही यकृततज्ज्ञांनीच सिद्ध केला होता.

मुद्दा गुळवेल दोषी की निर्दोष, हा नाही. द्रव्य कोणते, मात्रा किती, किती दिवस घेतले, रुग्णाची प्रकृती व अग्नी कसा होता, हे प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रथम आपल्या द्रव्यगुण व कायचिकित्सा विभागांचा होता. मंत्रालयाने २१ एप्रिल २०२० च्या अधिसूचनेद्वारे आयुष पद्धतींतील संशोधनाचे दार, नीतिसमितीची मान्यता व नोंदणी या अटींवर, उघडलेही होते. मग त्या वेळी आपल्या अध्यापकवर्गाचा आवाज इतका क्षीण का होता?

माझे एक सहाध्यायी द्रव्यगुण शिकवितात. टाळेबंदीत त्यांस काही महिने अर्धे वेतन मिळाले. दुपारी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाने-खोडे दाखवून अध्यापन, उरलेला वेळ कोविड केंद्रातील कामगिरी, आणि नेमणूक अकरा महिन्यांची. सुंठ, मिरी व दालचिनीचा काढा ऐन वैशाखात दिवसातून चार-चार वेळा घेणाऱ्यांत अम्लपित्त, मुखपाक व रक्तार्श वाढल्याच्या नोंदी त्यांनी वहीत ठेवल्या होत्या. त्या मांडण्याची परवानगी मागताच ‘ही वेळ नव्हे’ असे उत्तर मिळाले. पुढील नेमणूकपत्र ज्यांच्या हाती, त्यांच्याशी वाद कोण घालणार? वही कपाटात गेली. पित्तप्रकृतीच्या रुग्णास उष्ण-तीक्ष्ण द्रव्यांचा अतियोग झाला, एवढेच तीत होते. आपल्या शास्त्राविरुद्ध एक अक्षर नव्हते.

याउलट काशी हिंदू विद्यापीठातील प्राध्यापक किशोर पटवर्धन यांनी २०२२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये एका आयुर्वेद प्राध्यापकाची कबुली म्हणून लेख लिहिला व आपल्या अध्यापनातील चुका स्वतःच्या नावानिशी सांगितल्या. त्यांच्या सर्व मतांशी सहमत होणे आवश्यक नाही. परंतु असे लिहिण्यास धैर्याबरोबरच पायाखाली स्थिर भूमीही लागते. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर विचारस्वातंत्र्य उभे राहत नाही.

अशाने विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, असा आक्षेप काही ज्येष्ठ घेतात. त्यांच्या चिंतेविषयी आदर राखून म्हणावेसे वाटते, की कोलीत आपल्या मौनामुळेच मिळाले. आपल्या नोंदी नव्हत्या, म्हणून इतरांच्या नोंदी हाच एकमेव पुरावा ठरला. विमानस्थानातच तद्विद्यसंभाषेची संधाय व विगृह्य अशी दोन रूपे सांगितली आहेत; निवेदन काढून संभाषा संपविण्याचे तिसरे रूप तेथे नाही.

जुन्नर-आंबेगावातील वैद्य व औषधी विक्रेते यांचा याच्याशी निकटचा संबंध आहे. हिरडा वेचणाऱ्या आपल्या महादेव कोळी भगिनीस बाळहिरडा कोणता, हे शिकवावे लागत नाही. पण तुकडे होऊन, वाळून पोत्यांतून आलेली गुळवेल खरी कोणती? ताज्या खोडावर बारीक गाठी असून दुधासारखा स्राव येत असेल तर ती क्रिस्पा, हे मंत्रालयानेही नंतर प्रसिद्ध केले. वाळलेल्या तुकड्यावर ते पाहणे कठीण. तेथे जाणता अध्यापकच लागतो, आणि त्याने ‘हा माल नको’ असे निर्भयपणे म्हणावे लागते.

म्हणून काही सूचना. विक्रेत्यांनी गुळवेलीच्या प्रत्येक खरेदीचा नमुना, गाव व दिनांक यांसह जपून ठेवावा. वैद्यांनी औषधाच्या अनिष्ट परिणामाची नोंद महाविद्यालयांतील औषधदक्षता केंद्राकडे न संकोचता पाठवावी. संघटनेने वर्षातून एकदा मंचर वा नारायणगाव येथे संभाषा भरवावी, जिथे अध्यापक संस्थेचा नव्हे, केवळ शास्त्राचा प्रतिनिधी म्हणून बोलेल. तसेच पूर्ण वेतन व कायम नेमणूक या अध्यापकांच्या मागण्यांमागे व्यावसायिकांनीही उभे राहावे. त्यांच्या वर्गातून निघालेलाच वैद्य उद्या आपल्या शेजारी दवाखाना थाटणार आहे.

पुढील महामारी केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. आत्रेयांनी औषधींचा संग्रह आधीच करावयास सांगितला. निर्भय अध्यापकांचा संग्रहही आधीच करावा लागतो. व्याधी दारात आल्यावर तो साधत नाही.