रोटाव्हेटर झुडपांसाठी नाही

मा. संपादक,

पडीक रानातली वेडी बाभूळ आणि घाणेरी रोटाव्हेटरने सहज साफ होते, असे गेल्या अंकातील एका पत्रात वाचले. कुणी हा सल्ला मानण्याआधी हे उत्तर छापावे, ही विनंती.

रोटाव्हेटरची ‘एल’ आकाराची पाती नांगरटीची ढेकळे फोडण्यासाठी असतात. खुंटावर आदळून ती वाकतात, घाणेरीच्या फांद्या रोटरला गुंडाळतात आणि ताण गिअरबॉक्सवर येतो. बारीक झुडपांना स्लॅशर बरा. त्याची पाती सैल बसवलेली असल्याने दगड लागला तर मागे सरतात. जाड फांद्यांना मल्चर लागतो. त्याला ट्रॅक्टरही दमदार हवा. मल्चर भाड्यानेच आणावा.

पण वेडी बाभूळ वरून कितीही कापा, बुंध्यातून पुन्हा फुटते, तीही अधिक दाट. बुंधा मातीखाली वीतभर खोल तोडावा लागतो किंवा मुळासकट उपटावा लागतो. उपटताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. वर, टॉप लिंकच्या जागी बांधली तर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते आणि तो मागे उलटतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. जिवाशी गाठ असलेल्या या गोष्टीबद्दल त्या पत्रात एक शब्दही नाही, याचे फार वाईट वाटले.

हे काम शेंगा पिकण्याआधी उरकावे. शेळ्या-गुरे शेंगा खातात आणि बी लेंड्या-शेणातून साऱ्या शिवारात पसरते.

— एक शेतकरी वाचक, सोलापूर जिल्हा