दयामरण : देवाची देणगी की माणसाचा हक्क?

दयामरणाचा विषय निघाला की आपले बरेच कार्यकर्ते म्हणतात, हा पोट भरलेल्यांचा वाद आहे. ज्यांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर सापडत नाही, त्यांनी मरणाच्या हक्कावर कशाला बोलायचे? ऐकायला हे बिनतोड वाटते, पण ते चूक आहे. उपचार ज्यांना परवडत नाहीत, त्यांच्यावरच मरणाविषयीच्या कायद्याचा पहिला परिणाम होणार. आपण चर्चेत नसलो तर आपल्याविषयीचा निर्णय दुसरेच घेतील, आणि याचा अनुभव आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

जगभरच्या या वादात सर्वात संघटित आवाज ख्रिस्ती चर्चचा आहे. "धर्मवाले आहेत, म्हणून चूक" असे म्हणून मोकळे होणे म्हणजे चिकित्सा नव्हे. बाबासाहेबांनी प्रत्येक धर्म आधी वाचला, मग तपासला, मग नाकारला किंवा स्वीकारला. आपणही तेच करू.

आधी शब्द साफ करू. रुग्णाला मुद्दाम इंजेक्शन देऊन मारणे हे सक्रिय दयामरण. भारतात तो आजही गुन्हा आहे. बरे होण्याची आशा संपलेल्या रुग्णाचा व्हेंटिलेटर किंवा तसा उपचार थांबवून मरण नैसर्गिकपणे येऊ देणे हे निष्क्रिय दयामरण. त्याला आपल्याकडे अटींसह मान्यता आहे, आणि त्या मान्यतेची सुरुवात मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या एका खाटेपासून झाली. परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी त्याच रुग्णालयात पाशवी हल्ला झाला. त्यानंतर 18 मे 2015 पर्यंत, म्हणजे जवळपास 42 वर्षे, त्या शुद्ध हरपलेल्या अवस्थेत होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांना मरण येऊ द्यावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. केईएमच्या परिचारिकांनी तिला विरोध केला. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरण होऊ शकते हे तत्त्व मान्य केले. पुढे 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 21 मध्येच आहे असे सांगितले आणि 'लिव्हिंग विल'ला, म्हणजे शुद्धीत असताना लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली. जानेवारी 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते करता येते.

आता चर्चकडे वळू. चर्च म्हणजे काहीही करून माणसाला नळ्या लावून जगवा असे सांगणारी संस्था, हा समज खोटा आहे. पोप पायस बारावे यांनी 1957 मध्येच डॉक्टरांपुढे स्पष्ट केले होते की, असाधारण उपाय वापरून आयुष्य लांबवण्याचे नैतिक बंधन कोणावर नाही, आणि वेदना थांबवण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे कमी झाले तरी ते औषध देता येते, मात्र मारण्याचा हेतू नसावा. व्हॅटिकनने 1980 च्या घोषणापत्रात हेच मांडले. 1995 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हेतुपूर्वक घडवलेले दयामरण हे ईश्वरी नियमाचे गंभीर उल्लंघन ठरवले, पण निरर्थक उपचारांचा हट्ट सोडणे म्हणजे दयामरण नव्हे, हेही त्यांनी वेगळे करून सांगितले. म्हणजे जी रेषा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आखली, तिच्या बरीच जवळची रेषा रोमने अर्धशतक आधी आखली होती.

चर्चच्या विरोधामागे इतिहासही आहे. नाझी जर्मनीने 1939 पासून अपंग आणि मनोरुग्ण माणसांना 'दयेच्या' नावाखाली मारायला सुरुवात केली. ऑगस्ट 1941 पर्यंत सत्तर हजारांहून अधिक माणसे विषारी वायूने मारली गेली. 3 ऑगस्ट 1941 रोजी म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी व्यासपीठावरून याचा जाहीर निषेध केला. समाजाला 'उपयोगी' नसलेल्याला मारायचे असे एकदा ठरले, तर उद्या म्हातारा झालेला प्रत्येक माणूस त्याच यादीत जाईल, हा त्यांचा मुद्दा होता. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर मोजणारी व्यवस्था कशी असते हे जातिव्यवस्थेने आपल्याला शिकवले आहे. म्हणून हा मुद्दा आपल्याला पटायला हवा, तो बिशपने मांडला असला तरी.

तरीही चर्चचा युक्तिवाद जसाच्या तसा आपल्याला घेता येत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी स्वतःचा जीव घेण्याविरुद्ध तीन कारणे दिली. ख्रिस्ती विचार आजही बराचसा त्यांच्याच आधाराने उभा आहे. एक, ते निसर्गाविरुद्ध आहे, कारण प्रत्येक जीव स्वतःला जपतो. दोन, ते समाजाविरुद्ध आहे, कारण माणूस समाजाचा घटक असतो. तीन, ते देवाविरुद्ध आहे, कारण जीवन ही देवाची देणगी आहे आणि ती परत घेण्याचा अधिकार त्याचाच.

पहिले कारण अंथरुणावर टिकत नाही. जीव स्वतःला जपतो हे खरे, पण कर्करोग हाडांत उतरलेला माणूस सुटका मागतो तेव्हा तोही निसर्गच बोलत असतो.

तिसरे कारण आपण मानत नाही, एवढे बोलून पुढे जाता येईल. पण त्याच्याबरोबर येणारी एक गोष्ट तपासली पाहिजे. दुःखाला मुक्तीचे मोल असते, ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी होण्याची ती संधी असते, असे 1984 च्या पोपपत्रात मांडले आहे. एखाद्या श्रद्धाळू माणसाने स्वतःच्या वेदनेला असा अर्थ दिला तर त्याचा आदर करू. पण दुसऱ्याच्या वेदनेला असा अर्थ बाहेरून चिकटवणे आम्हाला मान्य नाही. मागच्या जन्मीचे पाप म्हणून या जन्मी भोग, हे तत्त्वज्ञान आमच्या आजोबा-पणजोबांना ऐकवले गेले होते. दुःखाचे गौरवीकरण कोणत्याही धर्माने केले तरी त्याचा फायदा दुःख देणाऱ्यालाच होतो. बुद्धाने दुःख आहे असे सांगितले ते ते दूर करण्यासाठी.

ख्रिस्ती जगातही सगळे एका सुरात बोलत नाहीत. वर्णभेदाविरुद्ध आयुष्यभर लढलेले दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी 2014 मध्ये, आणि पुन्हा 2016 मध्ये, मरणासन्न माणसाला सन्मानाने जाण्याचा पर्याय असावा अशी जाहीर भूमिका घेतली आणि स्वतःसाठीही तो पर्याय मागितला. ज्याने गोऱ्यांच्या राजवटीत काळ्या माणसाची प्रतिष्ठा जपण्यासाठी लढा दिला, त्याला मरणाच्या दारातही तीच प्रतिष्ठा महत्त्वाची वाटली.

राहिले दुसरे कारण, आणि माझ्या मते खरा वाद तिथे आहे. माणूस समाजाचा घटक आहे, म्हणून त्याच्या जिवावर समाजाचा दावा आहे. ठीक. पण कोणत्या समाजाचा? ज्याने आम्हाला गावकुसाबाहेर ठेवले, पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्या समाजाने आमचा जीव आपला कधी मानला? दावा सांगायचा तर आधी देणे फेडावे लागते. ज्या समाजाला माणसाने जगावे असे वाटते, त्याने त्याची वेदना थांबवण्याची, त्याला स्वच्छ ठेवण्याची, त्याच्या घरच्यांना आधार देण्याची जबाबदारी घेतली पाहिजे. ती न घेता 'जीवन पवित्र आहे' असे सांगणे म्हणजे रिकाम्या ताटापुढे अन्नदानाचे महत्त्व सांगणे.

विनयपिटकात दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. भिक्खूने माणसाला मारणे, मारायला मदत करणे किंवा मरणाची स्तुती करून त्याला मरणाकडे ढकलणे हा संघातून कायमचे बाहेर काढण्याचा अपराध आहे. त्याच विनयात, अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूला बुद्धाने आनंदाबरोबर स्वतःच्या हातांनी धुतल्याची नोंद आहे. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या उपयोगाचा राहिला नव्हता. बुद्धाने संघाला रुग्णसेवेचा नियम घालून दिला आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा मानली. येशूच्या शिकवणीतही आजाऱ्याची सेवा ही त्याची स्वतःची सेवा ठरते. दोघेही जीव घेऊ नका म्हणतात, आणि दोघेही आधी हात पुढे करतात. या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या की उरतो फक्त उपदेश.

आज आपल्याकडे काय चालले आहे ते पाहा. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर रुग्ण आणि नातेवाईक झोपतात. खासगी रुग्णालयाचे बिल वाढत गेले की नातेवाईक 'स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत' अशा कागदावर सही करतात आणि रुग्ण घरी येऊन मरतो. त्याला कोणी दयामरण म्हणत नाही. कोणते वैद्यकीय मंडळ बसत नाही, कोणते न्यायालय विचारत नाही. पैशाने दिलेले ते मरण असते आणि त्यावर सही गरिबाची असते. दुसरीकडे सावरकरांनी 1966 मध्ये आणि विनोबांनी 1982 मध्ये अन्न-औषध सोडून देह ठेवला, तेव्हा त्याला आत्मार्पण आणि प्रायोपवेशन अशी मोठी नावे मिळाली. त्यांच्या निर्णयावर माझा आक्षेप नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की निवडीची प्रतिष्ठा एकाला आणि नाइलाजाची सही दुसऱ्याला, ही वाटणी कोणी केली?

म्हणूनच सक्रिय दयामरणाचा कायदा आज भारतात आणायला माझा विरोध आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात आपण समान असू आणि सामाजिक-आर्थिक जीवनात असमान. असमान समाजात दिलेली 'निवड' असमानच राहते. कॅनडाने 2021 मध्ये कायदा सैल केला आणि ज्यांचा मृत्यू जवळ नाही अशांनाही मरणासाठी मदत मागता येईल असे ठरवले. तेव्हा सर्वात जोरदार विरोध केला तो तिथल्या अपंगांच्या संघटनांनी. आम्हाला जगायला मदत मिळत नाही आणि मरायला मात्र लगेच मिळते, हे त्यांचे म्हणणे होते. कॅनडात ही स्थिती, तर ज्या घरात आजीच्या औषधाचे आणि नातवाच्या फीचे पैसे एकाच डब्यातून येतात तिथे 'आजीची इच्छा' नक्की कोणाची असेल?

पण यातून चर्चसारखा कायमचा नकारही मी काढत नाही. स्वतःच्या शरीरावर स्वतःचा हक्क हा आत्मसन्मानाचा भाग आहे. वेदना थांबवण्याची, सेवेची सगळी सोय झाल्यावरही एखादा शुद्धीतला माणूस पुरे म्हणत असेल, तर त्याला नाही म्हणायला माझ्याकडे देव नाही. त्या दिवशी हा वाद पुन्हा उघडावा लागेल. तो दिवस आणणे हे आजचे काम आहे.

ते काम अगदी साधे आणि मोजता येण्यासारखे आहे. भारत हा औषधासाठी कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक, तरी आपल्या रुग्णांना मॉर्फिनची गोळी मिळवताना धाप लागते. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या परवान्यांनी डॉक्टरांना घाबरवून ठेवले. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, पण गोळी अजून तालुक्याला सहज मिळत नाही. केरळने 1993 पासून कोळिकोडमध्ये लोकांच्या सहभागातून वेदनाशामक सेवा उभी केली आणि 2008 मध्ये तिचे सरकारी धोरण केले. तिथे परिचारिका आणि स्वयंसेवक खाटेला खिळलेल्या माणसाच्या घरी जातात. हे श्रीमंत देशाचे उदाहरण नाही, आपल्याच देशातल्या एका राज्याचे आहे.

तेव्हा आंबेडकरी तरुणांनी तीन गोष्टी हातात घ्याव्यात. आपल्या जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन आहे का, पॅलिएटिव्ह केअरचा विभाग चालतो का, हे माहितीच्या अधिकारात विचारा आणि उत्तर वस्तीत वाचून दाखवा. विहारात आरोग्य शिबिर घेतो तसे लिव्हिंग विलचे शिबिर घ्या, म्हणजे शेवटचा निर्णय बिल किंवा भाऊबंद घेणार नाहीत, ज्याचे आयुष्य तो घेईल. आणि प्रत्येक वस्तीत अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी करून आळीपाळीने त्यांच्याकडे जा. बुद्धाने त्या भिक्खूसाठी केले तेच हे.

देवाची देणगी की माणसाचा हक्क, या वादात जो जिंकेल तो जिंको. वेदनेने कण्हणाऱ्या माणसाच्या उशाशी आज रात्री कोण बसणार आहे, याचे उत्तर आपल्याला द्यायचे आहे.

जयभीम!