पहिला धडा स्वतःच्या नावाचा

जावास्क्रिप्टचा पहिला धडा बहुधा फळ्यावरील इंग्रजी वाक्य उतरवून घेण्यात संपतो. ओळ पडद्यावर उमटते. मुलाच्या मनात मात्र काहीच उमटत नाही. मी इतिहासाचा शिक्षक आहे. तरीही आपल्या निवासी शाळेत हा धडा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावापासून, तोही देवनागरीत, सुरू व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

'लेट' हा शब्द रोमन लिपीतच लिहावा लागतो. परंतु त्यापुढील चलाला 'नाव' असे देवनागरी नाव दिलेले ही भाषा स्वीकारते. त्या चलात अवतरणचिन्हांमध्ये 'सिद्धार्थ' ही स्ट्रिंग ठेवावी आणि तिची 'लेंग्थ' विचारावी. मूल तीन अक्षरे मोजते. यंत्र ९ सांगते. कारण युनिकोडमध्ये वेलांटी, काना आणि जोडाक्षरात दडलेले हलन्त चिन्ह यांना स्वतंत्र संकेत आहेत व ते सारे मोजले जातात. हे उत्तर पाठ करावयाचे नसून तपासावयाचे आहे. ऐकले म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण येथे प्रत्यक्षात उतरते.

पुढे 'ट्रिम' शिकवावी. नावाच्या मागेपुढे राहिलेली रिकामी जागा ती काढते. मात्र मूळ स्ट्रिंग तशीच राहते, हाती येते ती नवी. ती पुन्हा चलात साठवली नाही, तर श्रम वाया जातात. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे एका रिकाम्या जागेमुळे यंत्राला भिन्न वाटतात. शिष्यवृत्तीच्या अर्जातील नाव जुळेना म्हणून हेलपाटे घालणाऱ्या पालकांच्या मुलांना याचे मोल सांगावे लागत नाही.

नोकरीत इंग्रजीच लागणार, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. इंग्रजी आपण शिकलेच पाहिजे. परंतु आकलनाची पहिली पायरी परकी असू नये.

शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे, असे मनुस्मृतीने सांगितले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिचे दहन झाले. आज आपल्या हजेरीपटावर सिद्धार्थ, राहुल, सुजाता ही नावे आहेत. ती अभिमानाने लिहिणाऱ्या हातांनीच यंत्राला आज्ञा द्यावी. संस्थेने व माजी विद्यार्थ्यांनी या धड्यासाठी आठवड्यातून एक तास द्यावा, ही नम्र विनंती. जय भीम!