चाळणीत अडकलेली नावे



निकाल लागला की आम्हाला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "वर्गाची सरासरी किती?" पूर्वी वर्गशिक्षक गुणपत्रक पुढ्यात घेऊन बेरजा करीत. आता डॅशबोर्डवर इयत्ता, तुकडी, विषय निवडला की आकडे आणि आलेख क्षणात बदलतात. या निवडीला फिल्टर म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातली चाळणीच ती!

आपल्या राज्यात हे काम फार मोठ्या प्रमाणावर चालते. गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्राला १८ एप्रिल २०२२ रोजी पंतप्रधानांनी भेट दिली. तेथे वर्षाला ५०० कोटींहून अधिक नोंदी जमा होतात, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. शिक्षक-विद्यार्थ्यांची रोजची हजेरी, परीक्षांचे गुण, सारे त्यात येते. एवढ्या ढिगातून कामाचे शोधायचे तर फिल्टर हवाच. परंतु चाळणी कोणती लावायची, हे माणसानेच ठरवायचे असते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, वर्गात ४० मुले आहेत. ३६ जणांनी परीक्षा दिली, त्यांची सरासरी ६० आली. चौघांचे रकाने रिकामे राहिले. एक्सेलचे सरासरीचे सूत्र रिकामे रकाने मोजतच नाही, म्हणून उत्तर येते ६०. त्या चौघांना शून्य दिले तर ५४. आमच्या मते या दोन्ही आकड्यांपेक्षा ती चार नावे महत्त्वाची आहेत. कोणी आजारी असेल, कोणी गावी गेले असेल, कोणी घाबरून घरी बसले असेल. सरासरी पाहून टाळ्या वाजवताना नेमकी हीच मुले नजरेआड होतात.

आमची स्वतःची एक चूकही सांगतो. एका बैठकीत आम्ही संपूर्ण इयत्तेचा म्हणून जो निकाल वाचून दाखवला, तो निघाला एकाच तुकडीचा! आधीच्या व्यक्तीने लावलेला फिल्टर तसाच राहिला होता. ओळींचे क्रमांक निळे झाले होते, मधले क्रमांक दिसत नव्हते. खूण समोर असूनही आमच्या लक्षात आली नाही. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, इंग्रजी सूचनांशी आम्ही आजही अडखळतो. पण दोष भाषेचा नव्हता, घाईचा होता.

म्हणून शाळेचा डॅशबोर्ड तयार करताना चार गोष्टी व्हाव्यात, असे आम्हाला वाटते. पहिली, पडदा उघडताच 'नोंद नाही' हा गट सर्वांत वर दिसावा. दुसरी, कोणते फिल्टर लागले आहेत हे ठळक दिसावे आणि 'सर्व दाखवा' हे बटण शेजारीच असावे. तिसरी, बटणांवरची नावे मराठी आणि गुजरातीत असावीत, म्हणजे कार्यालयातील कोणालाही ती वापरता येतील. चौथी गोष्ट नाजूक आहे. तुकडी, मातृभाषा, थकलेली फी असे फिल्टर एकावर एक लावत गेल्यास शेवटी एकच मूल उरते. नाव लपवले तरी ते कोण, हे सर्वांना कळते. म्हणून फीचा फिल्टर कार्यालयापुरताच असावा. वर्गात त्याचे काही काम नाही.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली संपूर्ण बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सक्ती म्हटली की कोण आले यापेक्षा कोण आले नाही, हे आधी पाहावे लागते. साधने बदलली, तरी शाळेचे हे काम बदललेले नाही.

पीठ चाळून झाल्यावर आपली आई चाळणीत काय उरले तेही पाहते. पालकहो, पुढच्या सभेत आम्हाला सरासरी जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, "कोणाची नोंद राहिली?"