घण मारायला दुसरे कोणी नाही



मेळाव्यात कापसाच्या भावाचे बोलणे होणारच आहे. त्याआधी थोडे नेढ्याचे बोलू. सुईच्या नेढ्याचे नव्हे. कुऱ्हाड, टिकाव, हातोडा यांच्या ज्या भोकात दांडा बसतो, त्या नेढ्याचे.

शेतकी कॉलेजात आम्ही नांगराच्या तासाची खोली, बैलांवर पडणारी ओढ, सगळे वहीत उतरवले. नेढे कसे पाडतात हे कोणी शिकवले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पुढे बांधाचे दगड फोडायला घण हवा होता. लोहार म्हणाला, जोडीला माणूस नाही, दोन दिवस थांबा. आम्हाला कुठला दम! पोलादाचा तुकडा तालुक्याला नेला आणि ड्रिलने गोल भोक पाडून आणला. गोल भोकात दांडा फिरतो. पाचर ठोकली, आणखी एक ठोकली. तिसऱ्या दिवशी घणाचे डोके निसटले आणि शेजाऱ्याच्या कानाजवळून गेले. शेजारी वाचला. आमची पदवी मात्र त्या दिवशी खरी पडली.

लोहाराच्या हातचे नेढे लांबट असते, म्हणून दांडा फिरत नाही. शिवाय ते मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांना थोडे रुंद असते. दांडा खालून घट्ट जातो, वरून पाचर मारली की वरच्या रुंद भागात फुलतो, मग डोके सुटायचे कुठून? आणखी एक गोष्ट. ड्रिल पोलाद कुरतडून बाहेर फेकते. सुंबा पोलाद बाजूला सारतो, बाहेर पडते ती फक्त एक लहानशी चकती. बाकीचा माल नेढ्याच्या दोन्ही गालांत राहतो, आणि गाल पातळ झाला की घण फुटतो तो तिथेच.

हे काम मुळात एकट्याचे नाहीच. भात्यावर एक, सांडशी आणि सुंबा धरायला लोहार, घणावर तिसरा. घिसाड्यांच्या पालावर तो घण बाईच्या हातात असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे, आणि तिची मजुरी वेगळी कोणी धरली नाही हेही पाहिले आहे. पुढे विजेचा पंखा आला, भात्यावरचा माणूस सुटला. घणावरचा सुटला नाही. पोरगा पुण्याला कंपनीत गेला, बाईचे खांदे गेले, आणि ऐरणीपाशी लोहार एकटा उरला. तापलेला तुकडा, सुंबा आणि हातोडा, धरायच्या वस्तू तीन आणि हात दोन.

तरी जाणता लोहार एकट्याने नेढे पाडतो. कसे, ते आम्ही बाजूला बसून पाहिले. तो तुकडा आधी कापतच नाही. लांब कांब तशीच ठेवतो, तिच्या टोकाला नेढे पाडतो आणि हातोडा शेवटी कापून काढतो. कांबेचे दुसरे टोक लोखंडी घोड्यावर टेकलेले, म्हणजे सांडशीची गरजच नाही. तुकडा तोकडाच असेल तर ऐरणीवरून सायकलची जुनी साखळी टाकतो, तिच्या खालच्या फासात पाय घालून दाबतो. पाय हाच त्याचा तिसरा हात. सुंब्याला कुऱ्हाडीसारखा आडवा दांडा लावलेला, म्हणजे हात तावापासून लांब राहतो.

खुणेचा ठसा थंड असतानाच मारायचा, कारण तापल्यावर डोळे दिपतात. मग ताव पिवळसर नारिंगी होईपर्यंत द्यायचा. तीन-चार घाव घालायचे, सुंबा काढायचा, पाण्यात बुडवायचा, भोकात चिमूटभर कोळशाची भुकटी टाकायची म्हणजे सुंबा अडकत नाही. घाव टणक लागू लागला की तुकडा उलटायचा. पलीकडे एक काळसर डाग दिसतो, सुंब्याच्या टोकाने तिथले लोखंड थंडावलेले असते. तो डाग ऐरणीच्या भोकावर धरून सुंबा मारला की चकती खाली पडते. मग पुन्हा ताव आणि निमुळता दांडा एकदा या तोंडाने, एकदा त्या तोंडाने ठोकायचा. मध्ये अरुंद राहते ते त्यामुळे. लाली उतरल्यावरही ठोकत बसला तर गालाला चीर जाते. पाणी द्यायचे ते तोंडाला, नेढ्याला नाही. नेढे मऊच राहिले पाहिजे.

जोडीदार असला की एका तावात चार घाव जास्त बसतात. एकट्याला सुंबा काढायचा, साखळी सैल करायची, पुन्हा दाबायची, तेवढ्यात ताव उतरतो. ताव वाढले की कोळसा वाढला, वेळ वाढला. आणि आपण काय म्हणतो? बाजारात इतक्याला मिळतो, तू एवढे कसे मागतोस? कापसाचा व्यापारी आपल्याला हेच म्हणतो तेव्हा आपण रस्त्यावर येतो. घरच्या माणसांची मजुरी कापसाच्या खर्चात धरा असे आपण सरकारला ठणकावतो आणि लोहाराच्या बायकोच्या घणाची मजुरी धरत नाही. बलुते बंद झाले तेव्हा आपण धान्य थांबवले, त्याच्या जागी रोख किती द्यायची हे मात्र कधी बसून ठरवले नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना काढली. तिच्या अठरा व्यवसायांत लोहार आहे, हातोडा आणि अवजारे करणारा वेगळा धरला आहे. अवजारांसाठी पंधरा हजार आणि पाच टक्के व्याजाने कर्ज, पहिला हप्ता एक लाखाचा. ज्याला मिळेल त्याने जरूर घ्यावे. पण पंधरा हजारांत घणावरचा माणूस येत नाही, आणि गावाने काम दिले नाही तर कर्ज फेडायचे कशातून, हे त्या अर्जात कुठे लिहिलेले नाही.

आमचे म्हणणे एवढेच. मृगाच्या आधी, फाळ आणि पास शेवटायची गर्दी सुरू होण्यापूर्वी, गावाने लोहाराशी बसून दर ठरवावा, तावाच्या हिशेबाने. आणि आठवड्यातला एक दिवस दोन तरण्या पोरांनी त्याच्या ऐरणीपाशी घण धरावा. जिमला पैसे भरतातच की!

ज्याच्या अंगणात ट्रॅक्टरचा तुटका ॲक्सल पडला असेल त्याने तो भंगारवाल्याला किलोवर घालू नये. आधी लोहाराला दाखवावा. हातोड्याला त्याहून चांगले पोलाद आपल्या गावात विकत मिळत नाही.